खालच्या पाण्याचा कुशाबा

दासगावात कुणालाही कुशाबा भोयाबद्दल विचारा, तो तुम्हाला दहा गोष्टी ऐकवील. कुशाबा पाण्यात हात घालून बुडालेल्या माणसाचं नाव सांगायचा. कुशाबाला सावित्रीने वर दिला होता. कुशाबा नदीच्या तळाशी विडी ओढत बसायचा. ह्यातली एकही खरी नाही. विडी तर तो ओढतच नसे, तंबाखू खायचा. माणूस कळला नाही की लोक त्याचा चमत्कार करतात आणि मोकळे होतात. मला ते जमणार नाही. मी त्याच्या होडीत बसलेला माणूस आहे, आणि जे सांगणार आहे त्यात माझाही हात आहे. तो हात काही स्वच्छ नाही.

मी मूळचा महाडचा. सत्तावन्न साली दासगावच्या शाळेवर माझी बदली झाली. तिथे नदीला नदी म्हणायचं ते केवळ सवयीने. बाणकोटचा समुद्र दिवसातून दोनदा खाडीने वर चढतो, दासगाव ओलांडून थेट महाडपर्यंत जातो आणि परत फिरतो. मालाचे पडाव येतात-जातात ते ह्या भरती-ओहोटीच्या जोरावर. कुशाबा त्या पाण्यावर जाळी लावायचा, आणि नवख्या पडावाला वाळूचे उंचवटे चुकवून वाट दाखवायचा. तेव्हा तो चाळिशीचा असेल. बुटका, रुंद खांद्यांचा, डोळे कायम लाल. बोलायला कंजूस. त्याचं तिसरं काम म्हणजे बुडालेली माणसं शोधून काढणं. त्यासाठी त्याला महाडपासून खाली पार खाडीच्या तोंडापर्यंत बोलावणं यायचं. प्रेत काठाला लावलं की तो त्या घरचं पाणीही न पिता निघून जायचा. साहजिकच सकाळी उठल्या उठल्या कुशाबाचं तोंड पाहायला कुणी राजी नसे, आणि आपलं माणूस बुडालं की त्याच तोंडासाठी लोक त्याच्या दारात लोटांगण घालत.

मी गेलो त्या वर्षी एक गुराखी धक्क्याजवळ बुडाला. कुशाबाने त्याला काढला तो अर्धा मैल वरच्या अंगाला, महाडच्या बाजूला. मला हसू आलं. मास्तर माणूस, त्यात तरुण. चार लोकांत मी म्हणालो, "नदी काय उलटी वाहते तुमच्याकडे?"

कुशाबा तिथेच बसला होता. "उद्या या होडीवर, गुर्जी," एवढंच म्हणाला.

भाद्रपद संपत आला होता, नदीला डोंगरातून उतरणारं पावसाचं पाणी भरपूर होतं. कुशाबाने मला डोहाच्या मध्यावर नेलं आणि एक काटकी पाण्यावर टाकायला सांगितली. काटकी समुद्राकडे निघाली. मग त्याने एका जुन्या टोपलीत दगड भरले, तिला काथ्याची दोरी बांधली आणि पाच वाव दोरी खाली सोडली. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की भरतं तेवढं अंतर. दोरीचं टोक होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला बांधून, वल्हं आत ओढून तो स्वस्थ बसला. होडी थोडा वेळ घुटमळली. मग ती निघाली. वल्ह्याशिवाय, शिडाशिवाय, समोरून येणाऱ्या पाण्याला कापत, महाडकडे. मी काठ घट्ट धरून बसलो होतो, हे कबूल करायला हरकत नाही.

"खालच्या पान्याला भरती लागली," कुशाबा म्हणाला. "वरच्याला अजून खबर नाय."

नंतर त्याने बुचाला वेगळी दोरी बांधलेली एक बाटली तळाशी सोडली, हिसडा देऊन बूच उडवलं आणि बाटली वर ओढली. ते पाणी चाखलं तर जिभेला मिठागर. होडीच्या बाहेर ओंजळ भरून चाखलं तर चक्क गोडं. ती दोन पाणी एकाच डोहात, एकावर एक, एकमेकांत न मिसळता राहत होती आणि उलटसुलट चालली होती.

त्याच्या घरी देवापुढे काचेच्या पेल्यात दिवा असायचा. खाली पाणी, वर तेल, त्यात वात. त्याने तो पेला माझ्यासमोर हळूच कलता केला. वरचं तेल जेमतेम हललं. पण तेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे एक लाट उठली, सावकाश ह्या कडेहून त्या कडेला गेली आणि परत आली. म्हणाला, तसंच डोहात असतं. वर सुरकुतीसुद्धा नसते आणि खाली लाटा चाललेल्या असतात. कधीकधी वारा पडलेला, पाणी शांत, आणि भरलेला पडाव जागच्या जागी कुणी धरून ठेवल्यासारखा होतो. पडाव चालवणारे तांडेल भुताला नारळ फोडतात. "भूत कसलं," कुशाबा म्हणाला, "पडाव त्ये दोन पान्यांच्या मधलंच पानी हालवत बसतोय, सारा जोर तितं जातो."

ह्या माणसाने एक इयत्ता पुरती केलेली नव्हती. मला त्याचा अभिमान वाटायला लागला, आणि अभिमान हा माझा जुना रोग आहे. दुसऱ्याच्या गुणावरही मी मिजास करू शकतो.

साठ साली खाडीचं मोजमाप करायला एक सरकारी साहेब आले, गद्रे नावाचे. त्यांच्याकडे पितळी पंख्याचं यंत्र होतं. ते खोल सोडलं की तिथल्या प्रवाहाची दिशा आणि वेग कळायचा. मी आपण होऊन कुशाबाला त्यांच्यापुढे उभं केलं. पंधरा दिवस ते दोघे डोहात यंत्र सोडत होते, आणि कुशाबाने आधी सांगावं नि यंत्राने मागून होकार भरावा, असं चाललं होतं. निघायच्या दिवशी गद्रे शाळेत चहाला आले. ते पूर्वी एका जहाजावर बंगालच्या उपसागरात काम करून आले होते. सांगू लागले, "तिथे खोल पाण्यात अशाच लाटा असतात, मास्तर. वर समुद्र आरशासारखा, आणि खाली ताडाच्या चौपट उंचीची लाट चाललेली. जहाजावरच्या माणसाला पत्ताही नसतो. तुमच्या कुशाबाला हे कुणी शिकवलं?"

कुशाबा दाराशी उकिडवा बसला होता. त्याने विचारलं, "सायब, मग तितं बुडालेला मानूस कुटं जात आसंल?"

गद्र्यांनी हसून मान हलवली. म्हणाले, त्याचा विचार आम्ही केला नाही.

साहेब गेले आणि मी गावभर ते सांगत सुटलो. त्याआधी लोक कुशाबाला मानत ते भीतीने. आता सरकारी यंत्राचा शिक्का बसला होता. धक्क्यावरचा रऊफ तांडेल तेवढा मान हलवायचा. रऊफचा पडाव बाणकोटला जायचा-यायचा, आणि तो तोंडाने फटकळ होता. "पान्याचं पान्याला ठावं, गुर्जी," तो म्हणायचा, "मान्साचं निराळं." मला तो अडाणी वाटायचा. त्या दिवसांत मला बरेच लोक अडाणी वाटत.

एकसष्टच्या भाऊबिजेला ते झालं.

पलीकडच्या तीरावरून सकाळी तरीची होडी निघाली. माहेरी निघालेल्या लेकी, ओवाळणीची ताटं, फराळाचे डबे, होडीत पाय ठेवायला जागा नव्हती. नदीवर दाट धुकं होतं. मध्यावर होडी कशावर तरी घासली, बाया एका अंगाला सरल्या आणि होडी पालथी झाली. साडेसात वाजले असतील. आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो. रऊफच्या खलाशांनी आणि कुशाबाने मिळून अकरा माणसं ओढून काढली. दोन मिळाली नाहीत. एक म्हातारे येसाजी, आणि दुसरी आवडी.

आवडी म्हणजे ठमाबाईची लेक. ठमाबाई कुशाबाच्या शेजारची, विधवा, चार वाफ्यांवर दोन मुलं वाढवलेली बाई. मुलगा पांडू मुंबईहून बहिणीच्या ओवाळणीसाठी आला होता. आवडीचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. कुशाबाच्या अंगाखांद्यावर ती वाढलेली. तो कधी हसताना दिसला असेल तर तिच्या बडबडीला.

वाचलेल्यांपैकी एक बाई थरथरत म्हणाली, "आवडी खाली गेली. मी बगितली." आणि तिथून पुढे आवडी जिवंत आहे असं कुणाच्या मनातच आलं नाही.

कुशाबाने पाणी चाखलं. टोपली सोडून दोरी पाहिली. वरचं पाणी अजून समुद्राकडे ओढत होतं, खालच्याला भरती लागली होती. त्याने महाडकडे हात केला. सगळ्या होड्या तिकडे वळल्या, गळ आणि आकडे घेऊन. तेव्हा रऊफ म्हणाला, "येक होडी खाली, समुद्राकडं जाऊंदे. पान्यावर कुनी ऱ्हायला आसंल तर?"

कुशाबा थांबला. मला तो क्षण अजून दिसतो. वल्हं पाण्याबाहेर होतं, आणि तो खालच्या अंगाच्या धुक्याकडे पाहत होता. बोललो मी. "रऊफमियाँ, ती बुडताना पाहिली आहे. आकडे टाकायला माणसं कमी पडताहेत आणि तुम्ही एक होडी उगाच दवडता? साहेबाने यंत्र लावून पाहिलंय हे." लोकांनी माना डोलावल्या. कुशाबाने वल्हं पाण्यात घातलं आणि वर निघाला.

आमच्याकडे एक रीत होती. बुडालेल्याला शोधताना पाण्यावर त्याचं नाव घ्यायचं नाही, हाक तर मारायचीच नाही. नाव घेतलं की खालचं पाणी त्याला सोडत नाही म्हणायचे. त्यामुळे आठ होड्या आणि तीस माणसं धुक्यात गुपचूप फिरत होती. आकडे पाण्यात पडल्याचा आवाज तेवढा होत होता. मीही गप्प होतो. एरवी मला गप्प बसवणं सोपं नाही.

दहाच्या सुमाराला येसाजी सापडले. कुशाबाने दाखवलं होतं तिथेच, वरच्या वळणावर. झालं. आता कुणाच्या मनात शंकेला जागा उरली नाही. आवडीही तिथेच हात-दोन हातांवर असणार. धुकं विरलं, ऊन चढलं, भाऊबिजेचं मोठं उधाण भरत आलं. बारा वाजता काठावर बसून आम्ही कुणीतरी आणलेली भाकरी खाल्ली. मी दीड भाकरी खाल्ली, हे मला आठवतं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत काही मिळालं नाही, दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला कुशाबा माझ्या दारात आला आणि म्हणाला, "गुर्जी, खाली जाऊन येऊ." आम्ही दोघेच गेलो.

दासगावच्या खाली मैलावर नदी वळते. वळणापलीकडे चिखलाचं एक बेट आहे आणि त्यावर खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवरांची झाडी. ओहोटीला तो चिखल कमरेएवढा असतो, माणूस रुतला की बाहेर येत नाही. आवडी तिथे होती, झाडीच्या कडेच्या एका तिवरावर. जास्त लिहीत नाही. साडीच्या पदराने तिने स्वतःला फांदीशी बांधून घेतलं होतं. निरगाठ मारली होती, एकावर एक दोन. त्याच्या हातभर खाली दुसऱ्या फांदीला पदराचा फाटका तुकडा तसाच बांधलेला राहिला होता. आधी ती तिथे होती. पाणी चढलं तशी ती गाठ सुटेना म्हणून पदर फाडून वर चढली, आणि वर पुन्हा बांधून घेतलं. त्याच्या वर झाड नव्हतं.

मला समजायला वेळ लागला. कुशाबाला लागला नाही. तो गाठीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "ही वाट बगत व्हती."

तो गाठ सोडवू लागला. मी कोयता पुढे केला, तो त्याने घेतला नाही. दातांनी सोडवली. मग मी त्याचा दंड धरून सांगितलं, "कुशाबा, हे कुणाला सांगायचं नाही. ठमाबाईला वाटतंय की लेक झटक्यात गेली. तेवढं तरी राहू दे तिला." त्याने मान हलवली नाही, पण नाही असंही म्हणाला नाही. फांदीवरचा तो तुकडा मीच काढला आणि पाण्यात टाकला.

आम्ही तिला गावात आणली. लोक म्हणाले, शेवटी कुशाबानेच आणली. ठमाबाई पुढे आली आणि तिने कुशाबाच्या पायावर डोकं ठेवलं. तो मागे सरकायला गेला, पण मागे भिंत होती. त्या वेळचा त्याचा चेहरा मी पाहिला, आणि हे लपून राहायचं नाही हे मला तेव्हाच कळलं.

त्यानंतर तो जाळ्याला गेला नाही. घरातली चूल राहीबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, सुकट विकून पेटती ठेवली. ती एकदा शाळेत आली आणि म्हणाली, "गुर्जी, ह्ये रोज ओहटीला त्या बेटावर जात्यात. झाडाला कोयत्यानं खुना करत्यात. काय ते तुमाला सांगत्यात का?" मी नाही म्हणालो. खोटं बोललो. तो मला सगळं सांगत होता. पाणी कोणत्या तिथीला किती वाजता कोणत्या खुणेला लागतं, ह्याचा तो हिशेब करत होता. मी चिडून म्हणालो, "काय करायचंय तुला ते कळून?" तो म्हणाला, "गुर्जी, मी आजवर मेलेलीच शोधली. मला वाटलं, पान्यात गेला तो खालीच जातो. पोरगी वरच्या पान्यानं गेली. वरचं पानी मी बगितलंच नाय."

मी त्याला समजावलं की चूक माझी होती, अडवलं मी. त्याने ते ऐकून घेतलं, पण मनावर घेतलं नाही. मला त्याचाही राग आला. अपराधातसुद्धा त्याने मला बरोबरीला घेतलं नाही, असं वाटलं. माणूस किती हलका असतो पाहा.

माघात, दुपारच्या वेळी, मी शाळेतून येत होतो. ठमाबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती आणि कुशाबा तिच्या समोर येऊन बसला होता. मला पाहताच कळलं. मी जवळजवळ धावत गेलो आणि म्हणालो, "कुशाबा, चल, माझं काम आहे." त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वयनी," तो म्हणाला, "आवडी तवा मेली नव्हती."

ठमाबाईचे हात थांबले नाहीत. त्याने सगळं सांगितलं. वळण, बेट, तिवर, खालची गाठ, वरची गाठ. रऊफ काय म्हणाला तेही सांगितलं. मी काय म्हणालो ते मात्र गाळलं. ती शेंगा सोलत होती, दाणे सुपात पडत होते. त्याचं बोलणं संपलं तेव्हा तिने विचारलं, "कवापत्तर व्हती?"

कुणालाही ह्याचं उत्तर देता आलं नसतं. कुशाबाला येत होतं. तीन महिने तो त्याचसाठी चिखलात उभा राहिला होता.

"दुपार कलंडली, तवापत्तर," तो म्हणाला.

ठमाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तवा मी हितंच व्हते," ती म्हणाली. "बाया जमल्या व्हत्या. मी तिच्यासाटी रडत व्हते." मग थोड्या वेळाने, "ती जिती व्हती आनि मी तिला रडत व्हते."

माझ्याने राहवलं नाही. मी म्हणालो, "ठमाबाई, खाली होडी पाठवू नका असं मी म्हणालो होतो. कुशाबा थांबला होता. मी त्याला थांबू दिलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी तो आनंदाने घेतला असता. "गुर्जी, तुमी परके," ती म्हणाली. "मी आय. माजं तोंड कुनी धरलं नव्हतं. येक हाक मारली आसती मी."

कुशाबा मान खाली घालून बसला होता. त्याला वाटलं होतं, सांगितलं की तिचा राग आपल्यावर येईल, आणि तो सोसायला सोपा जाईल. झालं उलटंच. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला नाही, तसलाच एक तिच्याही छातीवर बसला. त्याने सांगितलं ते बरोबर की चूक, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. कुणी छातीठोकपणे सांगू लागलं की मला त्याचा संताप येतो.

ठमाबाईने सूप बाजूला ठेवलं. "मला तितं ने," ती म्हणाली. "त्याच येळेला. ती व्हती तितका येळ मला तितं बसायचं हाय."

कुशाबाने तिथी मोजली. तशी भरती यायला अमावास्येनंतरची बीज यावी लागणार होती, आणि त्याला नऊ दिवस होते. पाणी भाऊबिजेएवढं चढणार नाही, चार बोटं कमी पडेल, हेही त्याने तिला सांगितलं. असल्या बाबतीत तो खोटं बोलू शकत नसे. ती म्हणाली, चार बोटांनी काय होतंय.

त्या दिवशी मी शाळा बंद ठेवली आणि होडीत पुढच्या वल्ह्यावर बसलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी उतर असंही म्हणालं नाही. आठ वाजता आम्ही तिवरापाशी पोचलो. कुशाबाने होडी मुळांना बांधली. सगळीकडे उघडा चिखल होता, त्यावर खेकडे तुरुतुरु पळत होते. ठमाबाईने ते झाड नीट पाहिलं, त्यावरच्या कोयत्याच्या खुणा पाहिल्या, आणि होडीच्या मध्यात पाय पोटाशी घेऊन बसली. डोक्यावर पदर घेतला नव्हता. मी माझं उपरणं पुढे केलं, तिने ते नको म्हणून हाताने सारलं.

नऊ वाजले. पाणी चिखलावर चढू लागलं. "ह्या येळेला काय चाललं व्हतं?" तिने विचारलं. कुशाबा म्हणाला, "आमी वरच्या डोहात आकडे टाकत व्हतो." दहा वाजता तिने पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "येसाजी गावला." बारा वाजता तिने विचारलं तेव्हा त्याच्याआधी मी म्हणालो, "आम्ही भाकरी खात होतो." तिने मान हलवली, जसं काही बाजारातून काय आणलं ते विचारलं आणि कुणी सांगितलं. ऊन डोक्यावर होतं. पाणी मुळांवर चढलं, मग बुंध्यावर, मग खालच्या फांदीवर. वर बघावं तर खाडी निवांत, एक तरंग नाही. वळणापलीकडून धक्क्यावरच्या माणसांचे आवाज मधूनमधून येत होते. एकदा कुणाचं तरी हसणंही स्पष्ट ऐकू आलं. तिथली हाक इथे पोचली असती. आम्हा तिघांनाही ते एकदमच कळलं, आणि कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

पाणी खालची फांदी बुडवून वर निघालं तेव्हा तिने विचारलं, "आता?"

"अजून नाय, वयनी," कुशाबा म्हणाला.

होडी पाण्याबरोबर वर चढत होती, आणि वरची फांदी आमच्या डोळ्यांच्या पातळीला आली होती. मला घरी जायचं होतं. मला लहान मुलासारखं रडायचं होतं. कुशाबाने एक हात फांदीवर ठेवला होता आणि तो पाण्याकडे बघत होता. मी त्याला आयुष्यभर पाण्याकडे बघताना पाहिलंय, पण तसं कधी नाही.

"आता?"

"अजून नाय."

माझ्या घड्याळात दीड वाजून गेला. मी ते काढून खिशात टाकलं. मग पाणी शेवटच्या खुणेला लागलं. भाऊबिजेचं पाणी तिथून चार बोटं वर गेलं होतं, एवढाच फरक.

"आता," कुशाबा म्हणाला.

ठमाबाईने फांदीकडे पाहिलं नाही. ती त्याच्याकडे पाहत होती.

"लय येळ व्हता रे," ती म्हणाली.